मधला पंचा

गोरक्ष माणसाचा चेहरा नंतर बघतो, आधी पाय बघतो. ही त्याची खोड आहे आणि काही केल्या ती जात नाही. बसस्टॉपवर असो, लग्नात असो, अगदी मयतीला गेला तरी याची नजर खाली. नवख्या माणसाला वाटतं, काय लाजाळू गडी आहे! लाजाळू कसला, तो तुमच्या चपलेची टाच कुठल्या अंगानं झिजली आहे ते बघत असतो. मग मान वर करून हळूच विचारतो, "उजवा गुडघा त्रास देतो का हो?" माणूस चाटच पडतो.

गंगापूर रोडला एका मेडिकलच्या दुकानामागं त्याची खोली आहे. एक उंच बाक, तीन खुर्च्या, तेलाच्या बाटल्या, भिंतीवर पायाच्या स्नायूंचं रंगीत चित्र आणि दारावर पाटी, 'मसाज व वेदना उपचार'. आता 'मसाज' हा शब्द वाचून फिदीफिदी हसणारे महाभाग गावोगाव असतात, तसे इथंही आहेत. हसा बाबांनो, पोटभर हसा. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली की याच पाटीखाली येऊन बसाल. हसलेल्यांतले किती जण येऊन बसलेत, त्यांची नावं सांगायला लावू नका.

कोर्स त्यानं नाशकात केला, पण हात घोटीहून आणले. आई चांगुणाबाई. भाताच्या आवणीच्या दिवसांत गावातल्या बाया दिवसभर चिखलात वाकून यायच्या आणि दिवेलागणीला चांगुणाबाईंच्या ओट्यावर पाय पसरून बसायच्या. ही काशाची वाटी काढायची, तळव्याला तेल लावायची आणि घासायला लागायची. सर्र, सर्र, सर्र. बोलता बोलता बायांचे आवाज मंद व्हायचे, एकेकीचे डोळे मिटायचे, खाचरांतून बेडकांचा आवाज यायचा, आणि तेलाची बाटली धरून बसलेला लहानगा गोरक्ष कुणाच्या तरी मांडीवर कलंडायचा. झोपेतही ती वाटी चालूच असायची.

ती अजून थांबलेली नाही. पाय हातात आला की गोरक्षचे डोळे आपोआप मिटतात, कानात ती सर्र सर्र सुरू होते आणि त्या पायाचे रस्ते त्याला दिसायला लागतात. भाजीवालीच्या तळव्यात पहाटेचा ओला बाजार दिसतो, शिपायाच्या पोटरीत चार मजल्यांचे जिने दिसतात. खरं की खोटं, मला विचारू नका. बायको हर्षाली म्हणते, "काम करता करता झोपतोस की काय रे?" तर म्हणतो, "झोपत नाही गं. जरा जाऊन येतो."

हर्षाली त्याच रस्त्यावरच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. पाय मुरगळला म्हणून ती पहिल्यांदा त्याच्याकडे आली. दुसऱ्यांदा तपासायला आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पायाला काहीही झालं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. पण तिचे वडील, जयराम नाना, ओझरच्या विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याच्या खात्यात उभे राहिलेला माणूस. त्यांनी ऐकल्या ऐकल्या ताट बाजूला सारलं. "लोकांचे पाय चोळणारा जावई? नाय जमायचं."

मग काय, कोर्टात सह्या झाल्या. नाना आले नाहीत, आणि नाना नाहीत म्हणून आई लताबाईही आल्या नाहीत, फोनवर रडल्या तेवढ्या. ना मांडव, ना हळद, ना पाय धुणं. आपल्याकडे नवरदेव पाटावर बसतो, सासरा त्याचे पाय परातीत धुतो, सासू वरून पाण्याची धार धरते, मग तो त्या घरचा होतो. गोरक्षचे पाय कोर्टाच्या व्हरांड्यातली धूळ घेऊन तसेच घरी आले.

वर्षाभरात सगळं निवळलं म्हणा. दिवाळीला बोलावणं यायला लागलं, कपडे व्हायला लागले, नाना "या गोरक्षराव, बसा गोरक्षराव" करायला लागले. पण गोरक्ष उंबऱ्यातून आत आला की नाना पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. दर खेपेला, न चुकता. पायच बघणाऱ्या माणसाला ते दिसणार नाही होय? या माणसाला माझे हात आपल्या पायाजवळसुद्धा नकोत, एवढंच गोरक्षला त्यातून समजलं. सात वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त कुणाच्याही लग्नात पाय धुवायची वेळ झाली की तो उठून बाहेर जायचा. हर्षालीनं एकदा विचारलं तर म्हणाला, मांडवात उकडतं. लग्न डिसेंबरातलं होतं.

आणि मग त्या मार्गशीर्षात ओझरला फरशीवर पावलं उमटली.

हर्षालीच्या धाकट्या बहिणीचं, तेजस्विनीचं लग्न ठरलं होतं, तारीख फाल्गुनातली निघाली होती, म्हणून रविवारी सगळे ओझरला जेवायला जमले होते. गोरक्ष हात धुवायला मागच्या पडवीत गेला नि थबकला. नाना नुकतेच न्हाणीतून बाहेर आले होते आणि शहाबादी फरशीवर त्यांची ओली पावलं देव्हाऱ्यापर्यंत गेली होती. डावं पाऊल पुरं होतं, टाच, बाहेरची कड, चवडा, पाचही बोटं. उजव्याला टाचच नव्हती. नुसता चवडा आणि कड, तीही घाईघाईनं उचललेली.

तिरपं ऊन आत आलं होतं आणि पावलं कडेकडेनं वाळायला लागली होती. गोरक्ष तिथंच उकिडवा बसला. बघता बघता त्याला ती सिमेंटची भलीमोठी शेड दिसायला लागली, सकाळचा भोंगा ऐकू यायला लागला, विमानाच्या पंखाखाली जाड बुटांत उभा असलेला एक माणूस दिसला. पंख तयार व्हायचे, उडून जायचे. माणूस तिथंच उभा. एकतीस वर्षं. मग एकेक पाऊल वाळून गेलं आणि नुसती फरशी उरली.

"काय सांडलं का जावईबापू?" मागून लताबाई आल्या.

"नाही मामी. मामांची टाच कधीपासून दुखते?"

लताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "अगोबाई! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"फरशीनं."

झालं, लताबाईंना तेवढंच हवं होतं, त्यांनी सगळं भडाभडा सांगून टाकलं. चार महिने झाले. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना भिंत धरतात. दहा पावलं चालले की सैल होतं, पण तासभर बसून उठले की पुन्हा तेच. डॉक्टरांनी फोटो काढला, थोडं हाड वाढलंय म्हणाले, व्यायाम करा, घरात मऊ चप्पल घाला म्हणाले. यांनी दोन्ही केलं नाही. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून रुईचं पान ठेवून तापलेल्या विटेवर टाच शेकली, ती इतकी की पेरूएवढा फोड आला. "आणि वर मलाच म्हणतात, गुण येतोय!"

गोरक्ष पुढच्या खोलीत गेला. नानांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"मामा, टाच बघू जरा."

नाना ताडकन उठले आणि उठता उठता त्यांनी ओठ चावला. "छे, छे! जावयानं सासऱ्याच्या पायाला हात लावायचा? कुठं फेडू मी ते, गोरक्षराव? एवढं पाप नका चढवू डोक्यावर."

"लग्नात दिवसभर उभं राहावं लागेल."

"राहीन."

"अनवाणी."

"राहीन म्हणलं ना."

"आणि जावयाचे पाय धुवायला खाली बसून पुन्हा उठावं लागेल."

नाना पुन्हा खुर्चीत बसले. ते वाक्य गोरक्षच्या तोंडून निघून गेलं आणि त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातली धूळ आठवली.

तिढा सोडवला हर्षालीनं. सरकारी परिपत्रकांतून वाट काढायची सवय तिला. "नाना, पाया पडताना आपण हात कुठं लावतो? पावलाला. पोटरीला लावतो का?" नानांनी बराच विचार केला. नाही, पोटरीला नाही लावत. "मग घोट्याच्या वर त्याला हात लावू द्या. तिथं पाप नाही." नाना युनियनच्या मिटिंगमध्ये बसल्यासारखे गंभीर झाले आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "घोट्याच्या वर. खाली नाय."

गोरक्ष मनातल्या मनात हसला. कारण दुखणं टाचेत बसलेलं असलं तरी त्याची दोरी बहुतेक वेळा पोटरीत असते. पोटरी आखडली की ती टाच वर ओढते, मग तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो तो ताणून ताणून टाचेशी दुखावतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. चांगुणाबाई म्हणायच्या, "तळव्याची वादी वाळली." रात्रभर पट्टा आखडून पडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ.

पण तेच आहे की आणखी काही, हे तपासायला तर हवं. मग लताबाईंना समोर बसवलं आणि गोरक्ष हातभर लांब उभा राहून सांगायला लागला. "टाच दोन्ही बाजूंनी धरून दाबा. दुखतं? नाही? बरं. मुंग्या येतात का मामा? नाही. आता अंगठ्यानं टाचेच्या जरा पुढं, आतल्या अंगाला... अजून नखभर आत. आणि दुसऱ्या हातानं पायाचा अंगठा मागं ओढा." अंगठा ओढला तसा तळव्यात पट्टा दोरीसारखा उभा राहिला, लताबाईंनी दाबलं, आणि नाना असे केकाटले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. लताबाईंचा चेहरा काय खुलला! "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ओरडले बघा माझ्यासमोर."

लताबाईंच्या बोटांत रोज चोळायचा जोर नव्हता. आणि नुसत्या पोटरीवर भागणार नव्हतं. दुसऱ्या खेपेला गोरक्षनं हे सांगितलं तेव्हा नाना आत गेले आणि लाल काठाचा पांढरा पंचा घेऊन आले. तो स्वतःच्या पावलावर पसरला, चारही बाजूंनी नीट ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मधे पंचा असला तर हात लागला असं नाय होत."

असा तो पंचा मधे आला. बुधवारी आणि रविवारी गोरक्ष स्कूटर काढायचा, ओझर गाठायचा. आधी पोटरी, तेल लावून, खालून वर, हळूहळू, जिथं गाठ लागेल तिथं अंगठा रोवून श्वास मोजत थांबायचं. मग पंचा. पंच्यावरून टाचेपासून चवड्याकडं अंगठ्यानं रेटत न्यायचं, दुखणाऱ्या जागेच्या आधी अलगद, नंतर जोर, पण केकाटण्याइतका नाही. मग एकेक बोट मागं ओढून धरायचं. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच बोटं दहा वेळा अशी ओढायची आणि मगच पहिलं पाऊल टाकायचं, हे नानांकडून पाठ करून घेतलं. तळव्याखाली लाटणं फिरवायला सांगितलं तर लताबाई उसळल्या, "माझं पोळ्यांचं लाटणं पायाखाली?" शेवटी वेगळं लाटणं आणलं आणि सरमिसळ नको म्हणून त्याला लाल दोरा बांधला. चप्पलही मंजूर झाली, फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर.

पौषातल्या त्या दुपारी मोठ्या शांत होत्या. खिडकीतून द्राक्षबागांवरून आलेला थंड वारा यायचा, पंच्यावर उन्हाचा चौकोन पडायचा आणि हळूहळू सरकायचा. नाना डोळे मिटायचे. मिटले की बोलायला लागायचे, जागेपणी कधी बोलले नसते असं. एकदा म्हणाले, "एवढे पंख केले, पण विमानात नाय बसलो कधी." एकदा म्हणाले, "पहिल्या दिवशी कारखान्यात गेलो तर वाटलं, इथं जमीनच नाय. नुसतं सिमेंट. पाय कुठं टेकायचा माणसानं?" गोरक्ष अंगठा फिरवत राहायचा. कापडाच्या पलीकडं त्या पायाची ऊब होती, भेगा लागत होत्या, कारखान्याच्या आधीचा पाय लागत होता, खाचरांतून पळणारा, हलका. दोघंही डोळे मिटून त्या पायाबरोबर कुठं कुठं हिंडून यायचे, आणि लताबाईंनी चहाची कपबशी टेकवली की परत यायचे. त्या तासाभरात गोरक्षला वाटायचं, आपण या घरचे आहोत. मग नाना पंचा उचलायचे, घडी करायचे, आणि पाय खुर्चीखाली.

सहा आठवड्यांत पहिलं पाऊल भिंत न धरता पडायला लागलं. फरशीवर उजव्या टाचेचा अर्धा चंद्र उमटायला लागला. गोरक्ष तो बघून मनात इतका खूश व्हायचा की परतीच्या रस्त्यावर त्याला गाडीचे आवाज ऐकू यायचे नाहीत.

आणि काय करावं या माणसाला! एका रविवारी गोरक्ष गेला तर नाना पलंगावर आडवे, टाच सुजलेली, आणि फरशीवर पाऊल टाकायची सोय नाही. लग्नाची पहिली पत्रिका देवीला ठेवायची म्हणून आदल्या दिवशी ते वणीच्या गडावर गेले होते. सगळ्या पायऱ्या अनवाणी चढले, अनवाणी उतरले. का? तर टाच बरी झाली तर अनवाणी येईन असा नवस बोलले होते. टाच बरी व्हायचा नवस फेडायला टाचच मोडून आले!

गोरक्ष सात वर्षांत त्या घरात आवाज चढवून बोलला नव्हता. त्या दिवशी चढला.

"मामा, सहा आठवडे मी येतोय. मला एकदा विचारावंसं नाही वाटलं? गंगापूर रोडचा भाजीवाला विचारतो, काय करू नि काय नको. त्याच्या पायाला हात लावतो, तो काही पंचा टाकत नाही मधे. तुम्हाला माझ्या हातांची एवढी किळस असेल तर दुसरा कुणीतरी बघा. मी नाही येणार."

"किळस?" नाना एवढंच म्हणाले. तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं.

गोरक्ष उंबऱ्यात आला, स्कूटर काढली आणि निघाला. आडगाव येईपर्यंत त्याचा राग टिकला. पुढं नुसतं रडू यायला लागलं. लग्नाला पाच आठवडे राहिले होते. आपण सुजलेला पाय तसाच टाकून आलो, हे त्याच्या मनातून जाईना. ते दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. पाय हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, पण वाटी वाजायची नाही. नुसते पाय, कातडी आणि हाडं. कुठलाच रस्ता दिसेना. हर्षाली काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय एवढंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी तो ओझरला गेला नाही. शुक्रवारी दुपारी तो लखन नावाच्या हमालाची पोटरी रगडत होता. बाक दाराकडं पाठ करून होता. काम झालं, लखन उठला, गोरक्ष हात पुसत वळला आणि सवयीनं आधी खाली बघितलं. तिसऱ्या खुर्चीखाली, मऊ चपलांत, उजवी टाच जरा उचललेला एक पाय होता. हा पाय त्यानं कापडाआडून इतक्या वेळा बघितला होता की वर बघायची गरज नव्हती.

नाना त्या खोलीत पहिल्यांदा आले होते. अर्धा तास बसून होते आणि जावयाचं काम बघत होते. शेजारी लताबाई, मांडीवर मोठी पिशवी. लखन गेला तसं हर्षाली दारातून आत आली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, आणि तिनं आतून कडी लावली.

"बसा," नाना म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.

"मामा, तुम्ही उभे नका राहू, तुमची टाच..."

"बसा म्हणतो ना!"

पिशवीतून परात निघाली. घरची, पितळेची. तांब्या निघाला. लताबाईंनी कोपऱ्यातल्या नळावरून तो भरून आणला. हर्षालीला गोरक्षशेजारच्या खुर्चीवर बसवलं. नाना भिंत धरून, दात आवळून, हळूहळू खाली बसले. टाच पुरती टेकली नाही, तिरपे झाले, पण बसले. गोरक्ष पाय मागं ओढायला लागला. अगदी खुर्चीखाली ओढले त्यानं. मग आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं.

"सात वर्षं मीही तेच करतोय," नाना खाली बघत म्हणाले. "किळस नाय हो. लाज. जावयाचे पाय धुवायचे असतात, ते मी नाय धुतले. रागात नाय धुतले. मग राग गेला, पण नंतर कोणत्या तोंडानं धुवायचे? ज्याचे पाय धुवायचं माझ्याकडून राहिलं, त्याच्या हातात माझा पाय कसा देऊ? तुम्ही आलात की तेवढंच डोळ्यापुढं यायचं. म्हणून घ्यायचो पाय आत. पंचासुद्धा त्याच्यासाठीच. तुमचे हात चांगले आहेत. लय चांगले आहेत. मी नव्हतो चांगला."

हर्षालीनं तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. लताबाईंनी धार धरली, पण निम्मं पाणी परातीबाहेर गेलं. नानांनी आधी उजवं पाऊल हातात घेतलं, मग डावं. पत्र्याच्या कामानं चरे पडलेले ते हात, त्यांना घाई नव्हती. गोरक्षनं डोळे मिटले आणि मिटल्याबरोबर सर्र, सर्र, कानात वाटी सुरू झाली. खाचरातलं पाणी, बेडकांचा आवाज, आईचा ओटा. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

लताबाईंनी पिशवीतून पुसायला कापड काढलं. तोच लाल काठाचा पंचा.

नाना पुसता पुसता थांबले. त्यांचा अंगठा गोरक्षच्या डाव्या टाचेच्या जरा पुढं, आतल्या अंगाला होता. त्यांनी तो नखभर आत नेला आणि दाबला.

"आई गं!" गोरक्ष खुर्चीतून उडाला.

"हं," नाना म्हणाले. "कधीपासून?"

"काय?"

"काय काय? दिवसभर उभा असतोस या फरशीवर. सकाळी भिंत धरतोस का नाय, ते सांग."

गोरक्षनं हर्षालीकडं चोरून बघितलं. तिला माहीत नव्हतं. मसाजवाल्याची टाच दुखते हे कळलं तर पाटी काढून ठेवावी लागेल, म्हणून दीड वर्ष त्यानं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. जगाच्या टाचा बऱ्या करणारा हा माणूस रोज सकाळी मोरीचं दार धरून उभा राहत होता!

"गोरख," नाना म्हणाले. हे नाव चांगुणाबाईंशिवाय कुणी घेत नसे. "बाकावर आडवा हो. पोटरी आधी, मग तळवा. जोर किती ते तू सांगत राहा. आणि तेल दे इकडं, पंचा नकोय मला."

त्यानंतर दोघंही एकमेकांची टाच बघत. बुधवारी आणि रविवारी, ओझरला, आधी सासरा, मग जावई. नानांना गडाच्या पायऱ्या भरून काढायला चार आठवडे लागले आणि लाल दोऱ्याचं लाटणं झिजायला आलं. पंचा पुन्हा मधे आला नाही. लताबाईंनी तो धुऊन, घडी करून, तेजस्विनीच्या लग्नाच्या सामानात ठेवला.

लग्न फाल्गुनात झालं, ओझरच्याच एका लॉन्सवर. नाना सकाळपासून उभे होते. मधेच एखाद्या खांबाला टेकायचे, बोटं मागं ओढायचे, पुन्हा चालायला लागायचे. पाय धुवायची वेळ झाली तसं रोहितला, नव्या जावयाला, पाटावर बसवलं. लताबाईंनी तांब्या घेतला. नाना परातीसमोर खाली बसले, भिंत नाही, खांब नाही, दोन्ही टाचा जमिनीला लावून. धुऊन झालं, पुसून झालं, तसे कुणाचाही हात न धरता उठले आणि सांडलेल्या पाण्यातून चालत आतल्या खोलीकडं गेले.

व्यासपीठाच्या फळ्यांवर त्यांची ओली पावलं उमटत गेली. गोरक्ष एकेक बघत होता. डावं, उजवं, डावं, उजवं. टाच, कड, चवडा, पाच बोटं. उजव्याची टाच पुरी होती. पावलं वाळेपर्यंत तो तसाच बसून राहिला, डोळे अर्धवट मिटून. आज आपण उठून बाहेर गेलो नाही, हे त्याला जेवणाच्या पंगतीत बसल्यावर आठवलं.